पोस्टरखालची कोरी पट्टी

आमच्या बाबांची कीर्ती गाईंनी खाल्ली. हे मी चिडून म्हणत नाही, खरोखरच तसं झालं. कार्यक्रमाची पोस्टरं भिंतीला चिकटवायला मैद्याची खळ लागायची. आई ती मोठ्या गंजात शिजवायची, आणि संध्याकाळी लावलेलं पोस्टर सकाळी गाय खळीच्या वासानं ओरबाडून चघळत उभी असायची. बाबांना त्याचं काही वाटत नसे. "गायीले आवडलं म्हणजे माणसाले आवडनच," असं ते म्हणत. जी पोस्टरं भिंतीवर चढली ती अशी गेली, काही पावसानं धुतली, काही निवडणुकीच्या पोस्टरांखाली दबली. जी भिंतीवर चढलीच नाहीत तेवढी आमच्या घरी उरली, पत्र्याच्या एका पेटीत.

बाबा रायपुरात आणि आजूबाजूच्या गावांत व्हरायटीचे कार्यक्रम करत. आजोबा विदर्भातून रेल्वेच्या नोकरीत इकडे आले होते आणि मुलानंही रेल्वेतच चिकटावं अशी त्यांची इच्छा होती. बाबांनी रेल्वेतून फक्त इंजिनाचा आवाज घेतला. तो आवाज, डबक्यातले बेडूक, नळावर भांडणाऱ्या दोन बाया, राग आला की इंग्रजीत घसरणारा साहेब, एवढ्या भांडवलावर ते स्टेजवर उभे राहिले. पुढे त्यांनी स्वतःच कार्यक्रम भरवायला सुरुवात केली. नागपूरहून ऑर्केस्ट्रा आणायचा, बिलासपूरहून जादूगार, मैदान ठरवायचं, माईकवाला, जनरेटरवाला गाठायचा, आणि संध्याकाळी चमकत्या कॉलरचा कोट घालून आपणच माईकसमोर जायचं. गणपतीत मंडळं बोलवायची, विश्वकर्मापूजेला सिलतऱ्याचे कारखाने बोलवायचे, आणि अभनपूरच्या बाजाराच्या मैदानात तर धान विकलं गेलं की त्यांना बोलावणं ठरलेलंच.

मुख्य गायक वेळेवर येणं हा प्रकार त्या काळी नव्हता. गाडी कुठेतरी अडकलेली असायची आणि मैदान भरलेलं असायचं. तेव्हा बाबा बेडूक काढायचे, मग इंजिन, मग पुन्हा बेडूक, आणि मधून मधून विंगेकडे हात करून म्हणायचे, "तो भाइयो और बहनो, अब आपके सामने आ रहे हैं..." लोक सावरून बसायचे. बाबा थांबायचे, कान लावल्यासारखं करायचे आणि विंगेतून आल्यासारखा बेडूकच काढायचे. लोक हसून लोटपोट व्हायचे. असं ते तास तास ओढून नेत. त्यांचा एकच नियम होता. प्रेक्षक उठला की कार्यक्रम संपला, तो बसून आहे तोवर कार्यक्रम चालू आहे, मग स्टेजवर कोणी असो की नसो.

आता पोस्टरांचं सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. सदर बाजारातल्या एका गल्लीत छापखाना होता. तिथे बाबा गणपतीच्या आधी वर्षभराची पोस्टरं एकदमच छापून घेत. वर लाल अक्षरांत कार्यक्रमाचं नाव, मधे अंड्याच्या आकारात बो लावलेला त्यांचा फोटो, फोटोभोवती तारे, आणि खाली चार बोटं कोरी जागा. गाव, मैदान, तारीख, काही छापायचं नाही. कार्यक्रम पक्का झाला की कागदाच्या पट्टीवर कुचीनं गाव आणि तारीख लिहायची आणि ती पट्टी त्या कोऱ्या जागेवर चिकटवायची. त्या धंद्यात असं बरेच जण करत, पण बाबांचा त्यावर वेगळाच विश्वास होता. एकदा म्हणे त्यांनी गावाचं नाव छापून घेतलं आणि त्या गावात ऐन दिवशी गारपीट झाली. तेव्हापासून गावाचं नाव छापणं म्हणजे नजर लावणं. पट्ट्या ते स्वतः लिहीत आणि त्यांची रीतही उफराटी होती. सगळे आधी अक्षर काढतात आणि मग वर रेघ देतात. बाबा आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात रेघ ओढायचे आणि मग तिला खालून एकेक अक्षर लटकवायचे, दोरीवर कपडे वाळत घालावेत तसे. रेघ सरळ आली की कार्यक्रम सरळ होतो, हेही त्यांचंच शास्त्र.

पट्टी फक्त भिंतीवर जाणाऱ्या पोस्टरालाच लागायची. म्हणजे पेटीत जी पोस्टरं उरली, त्या प्रत्येकाच्या खाली चार बोटं कोरी. इतक्या वर्षांत आमच्या घरात एकाच्याही डोक्यात हे आलं नाही.

छत्तीसगढ वेगळं राज्य झालं आणि रायपूर राजधानी झालं, त्या दिवशी बाबांनी पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, पेढे वाटले. "आता पाहा, राजधानीत रोज कार्यक्रम लागते. आपल्याले उसंत नाही भेटणार." कार्यक्रम रोज लागले, यात काही खोटं नाही. पण ते लावायला कोट-टाय घातलेली पोरं आली, विमानानं कलाकार आले, घराएवढे पडदे आले, ज्यांवर गायकाच्या दातातली फटसुद्धा दिसायची. बेडकाला तिथे कोण विचारतो. एक-दोन वर्षं बाबांना खुर्च्यांच्या बंदोबस्तासाठी बोलावलं, मग तेही बंद झालं. ते कधी कुरकुरले नाहीत. पेटी उघडून पोस्टरं उन्हात घालायची, डांबरगोळ्या बदलायच्या आणि पुन्हा बंद करायची, एवढं दर उन्हाळ्यात करत राहिले. मी एकदा म्हटलं, "काहून जपून ठेवता हे?" तर म्हणाले, "राजधानी आहे, पोट्टे. आज नाही तर उद्या कोणी ना कोणी विचारनच."

मग त्यांना लकवा मारला. उजवा हात आणि पाय गेला, त्याच्याबरोबर बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, आठवतंही बहुतेक, पण बाहेर येणार नाही. बेडूक गेला, इंजिन गेलं, नळावरच्या बाया कायमच्या गप्प झाल्या. उरला एक शब्द, "हव". आमच्याकडे छत्तीसगढीत होकाराला हव म्हणतात. भूक लागली का, हव. दुखतंय का, हव. मान हलायची तीही उभीच. नको असलेला चहा मान डोलावून घ्यायचे आणि मग डाव्या हातानं कप ढकलून द्यायचे. मला रोज वाटायचं, देवानं एक "हव" ठेवला तसा एक "नाही" ठेवला असता तर त्याचं काय जात होतं?

आणि एक दिवस दुपारी, आई पोळ्या लाटत असताना, बाबांनी डावा हात दाराकडे केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "तो भाइयो और बहनो, अब आपके सामने आ रहे हैं..." आईच्या हातातलं लाटणं पडलं. आम्ही दोघी धावलो. बाबा दाराकडे पाहत होते, ओठ हलत होते, पुढचं नाव काही येईना. आम्ही खूप वेळ तशाच उभ्या राहिलो. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, हजारदा म्हटलेलं वाक्य वेगळ्या खिशात असतं, ते अचानक निघतं, त्यावर फार आशा धरू नका. आशा धरू नका म्हणणं सोपं असतं. आई त्यानंतर कितीतरी दिवस ते वाक्य आलं की पोळी तव्यावर सोडून दारात जाऊन उभी राहायची.

अशात एक तरुण आमच्या घरी आला. राजधानीच्या नव्या भागात एक दालन होणार होतं, जुन्या काळी इथले लोक करमणूक कशी करत याचं, आणि हा माणूस त्यासाठी घरोघर फिरत होता. आपली आजी मराठी होती म्हणाला. "समझ में सब आता है दीदी, बोलना नहीं आता." बाबांनी त्याचं बोलणं ऐकलं आणि डाव्या हातानं पलंगाखालच्या पेटीची कडी खडखडवायला लागले. मी पेटी ओढली. त्या माणसानं एकेक पोस्टर काढलं तसा त्याचा चेहरा खुलत गेला. बाबा आईकडे बघून आपल्या छातीवर हात फिरवत होते. आईला बरोबर कळलं. तिनं कपाटातून तो चमकत्या कॉलरचा कोट काढला आणि त्यांच्या खांद्यावर टाकला. लकवा मारल्यापासून त्यांना इतकं खूश मी पाहिलं नव्हतं.

"बहुत बढ़िया है दीदी," तो म्हणाला, "बस कौन-सा कहाँ का है और किस साल का, इतना चाहिए. बिना उसके दीवार पर नहीं लगा पाएँगे. बहुत चीज़ें आ रही हैं." दिवाळीनंतर येतो म्हणाला. बाबा म्हणाले, "हव."

मी म्हटलं, त्यात काय, शोधून काढू. पोस्टरांवर गाव नाही तर नाही, फोटो आहेत. फोटो काढले. बाबा छायाचित्रकाराला ताकीद द्यायचे की पाहुणा कलाकार नीट आला पाहिजे, माझं काय, मी घरचाच. त्यामुळे आमच्याकडे बाबांच्या कोपराचे फोटो भरपूर आहेत. कोपर, माईक, आणि मधे कोणीतरी गाणारी बाई. मागे झालर, झालर सगळीकडे सारखी. मग वर्तमानपत्रांतली कात्रणं काढली. ती बाबांनी अशी नेटकी कापली होती की त्यांच्या नावाच्या कडेला एक दोरा कागदसुद्धा जास्त नव्हता, म्हणजे वरची तारीख रद्दीत. एका कात्रणाच्या मागे भाताच्या बियाण्याची अर्धी जाहिरात होती. मी ती तीनदा वाचली, जणू काही त्यात अभनपूर लिहिलेलं सापडेल.

आईला विचारलं. आई त्यांच्या एकाही कार्यक्रमाला गेली नव्हती, पण डबा तिनंच दिला होता. तिचं पंचांग डब्याचं. "धमतरीले गेले तवा मेथीचे पराठे दिले होते. भाटापाऱ्याले गेले तवा तू पोटात होती, मले कणकेचा वास सहन नव्हता होत, म्हणून चिवडा दिला." सगळं खरं असणार, पण कोणतं पोस्टर चिवड्याचं आणि कोणतं पराठ्याचं? त्यांच्यासोबत बोंगो वाजवणारे काका होते, पाऱ्याच्या टोकाला राहतात, त्यांना बोलावलं. त्यांनी पहिलं पोस्टर पाहिलं आणि छातीठोक सांगितलं, "राजिम." दुसरं पाहिलं, "हे बी राजिमच." पाचव्या राजिमला आईनं त्यांच्यापुढे चहा ठेवला. राजिमच्या मेळ्यात त्यांचं लग्न जमलं होतं, तेव्हापासून त्यांची गाडी पुढे सरकलेलीच नाही.

राहता राहिले बाबा. सगळं त्यांच्या डोक्यात होतं, आणि ते माझ्यापासून हातभर अंतरावर बसले होते. मी पहिलं पोस्टर त्यांच्यापुढे धरलं. "बाबा, हे अभनपूरचं का?" "हव." "का सिलतऱ्याचं?" "हव." मी वैतागून म्हटलं, "लंडनचं का?" "हव," असं म्हणाले आणि लगेच डावा हात जोरात मांडीवर आपटला. त्यांना कळत होतं. चूक तोंडातून निघतेय हे ऐकू येत होतं आणि तरी तेच निघत होतं. मी त्यांचा हात धरून ठेवला. मला रडू आलं, त्यांना नाही आलं.

मग मला चहाच्या कपाची आठवण झाली. म्हटलं, बाबा, बोलू नका, मानही हलवू नका. मी गाव सांगते. बरोबर असेल तर पोस्टर जवळ घ्या, चूक असेल तर ढकलून द्या. त्यांचे डोळे चमकले. मीही खूश झाले, वाटलं सुटलं कोडं. पहिल्याला म्हटलं अभनपूर. त्यांनी पोस्टर जवळ ओढलं. दुसऱ्याला भाटापारा. जवळ ओढलं. तिसऱ्याला मी मुद्दाम एक गाव सांगितलं जिथे ते कधी गेले नव्हते. तेही जवळ ओढलं, उलट आणखी घट्ट. पाहता पाहता त्यांच्या मांडीवर सगळा गठ्ठा जमला आणि ते त्यावर हात ठेवून बसले. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चहाचा कप ढकलता येतो. आपलं पोस्टर माणूस ढकलणार कसं?

दिवाळी आली. फराळाच्या गडबडीत दोन-चार दिवस मी पेटीकडे पाहिलं नाही. आई चकल्या तळत होती, तिथूनच म्हणाली, "तू तोंडाच्यानं विचारून राहिली म्हणून होत नाही. त्यायच्या हातात कुची दे ना. पट्ट्या तर तेच लिहीत होते."

मला हे आधी का सुचलं नाही याचा रागच आला. अंगणात रांगोळीच्या डब्यांशेजारी चटई टाकली, निळा रंग कालवला, बाबांना आणून बसवलं. रद्दीच्या पट्ट्या कापून ठेवल्या होत्या. त्या बाबांनी बाजूला सारल्या आणि पेटीतलं पहिलं पोस्टर पुढे घेतलं. मी म्हटलं, "बाबा, त्याच्यावर नका, आधी पट्टीवर पाहा." त्यांनी ऐकलं नाही. पोस्टराच्या कोऱ्या जागेवर त्यांनी डाव्या हातानं कुची टेकवली आणि श्वास धरला. रेघ निघाली. थरथरत निघाली, मधे थोडी बसली, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. आईनं गॅस बंद केला आणि दारात आली.

रेघ झाली. आता अक्षरं लटकवायची होती. बाबांनी कुची पुन्हा बुडवली, रेघेखाली आणली. कुची तिथे राहिली. एक थेंब पडला. त्यांनी कुची थोडी डावीकडे नेली, थोडी उजवीकडे, जणू काही सुरुवातीचं अक्षर त्याच रेघेखाली कुठेतरी ठेवलंय आणि सापडत नाही. मी मनातल्या मनात त्यांना अक्षरं पुरवत होते. अ म्हणा, र म्हणा, काहीही म्हणा. खूप वेळानं त्यांनी ते पोस्टर बाजूला ठेवलं, सुकायला, नीट, वाऱ्यानं उडू नये म्हणून कोपऱ्यावर पणती ठेवून. आणि दुसरं घेतलं.

मी थांबवायला हवं होतं का? पोस्टरं खराब होत होती, हे मला दिसत होतं. आईनं माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे पाहिलं. दोघींपैकी एकीलाही त्यांच्या हातातून कुची काढून घेववेना. संध्याकाळपर्यंत अंगणभर पोस्टरं सुकत होती. प्रत्येकावर एक निळी रेघ आणि खाली काही नाही.

दिवाळी झाल्यावर तो तरुण आला, दिल्या शब्दाप्रमाणे. बाबा कोट घालून तयारच होते. सकाळपासून दोनदा त्यांनी आईकडून केस विंचरून घेतले होते. त्यानं पेटी उघडली आणि पहिलं पोस्टर हातात घेऊन थबकला. मग दुसरं पाहिलं, मग भराभर सगळी.

"दीदी, ये लाइन किसने मार दी? ओरिजिनल था ये तो."

"त्यांनीच," मी म्हटलं.

त्यानं बाबांकडे पाहिलं. भला माणूस होता, त्याचा आवाज खाली आला. "जगह का नाम कुछ बता पाए?"

"नाही," मी म्हटलं. आमच्या घरात एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच कोणी "नाही" म्हणालं असेल.

तो पोस्टरं परत पेटीत ठेवायला लागला. एकेक नीट, कडा जुळवून. म्हणाला, ऐसे तो नहीं ले जा पाएँगे दीदी, ऊपर वाले पूछेंगे. मी म्हटलं, कळतंय मला. त्यानं झाकण लावलं, बाबांच्या पाया पडला आणि चपला घालायला दाराकडे वळला. तेवढ्यात मागून बाबांचा आवाज आला, पूर्वीसारखा, मैदानाच्या शेवटच्या माणसापर्यंत जाणारा.

"तो भाइयो और बहनो, अब आपके सामने आ रहे हैं..."

तो गर्रकन वळला. बाबांचा डावा हात पेटीकडे होता. त्याला वाटलं, आता सांगतायत. त्यानं पायातली चप्पल काढली, परत येऊन खुर्चीच्या कडेवर बसला आणि खिशातून पेन काढलं. पुढे काही नसतं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं, तर आईनं माझा दंड धरला.

बाबांचे ओठ हलत होते. तो माणूस पुढे झुकून, कान देऊन बसला होता. आईनं हळूच आत जाऊन चहा टाकला, त्याच्यासाठीही, कारण तो अजून उठला नव्हता.